मे महिन्यातला हाय-एंड

नव्या डेस्कटॉपच्या बातम्यांचे वर्षात दोन हंगाम असतात. एक जानेवारीत, लास वेगासच्या सीईएस या प्रदर्शनातून. दुसरा मे-जूनमध्ये, तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनातून. हा दुसरा हंगाम आपल्याकडे नेमका अशा वेळी येतो, की ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला, वर्धा यांतलं आज सगळ्यांत जास्त कोण तापलं याची चढाओढ लागलेली असते. तिकडे वातानुकूलित हॉलमध्ये काचेच्या कॅबिनेटातलं यंत्र रंगीत दिव्यांत चमकत असतं. इकडे पारा ४५ च्या पुढे आणि डीपीवरचा फ्यूज पुन्हा गेलेला. तेच यंत्र उचलून इथं आणून ठेवलं तर काय होईल, असा विचार केला की पुढच्या हाय-एंड, म्हणजे सगळ्यांत वरच्या वर्गातल्या, डेस्कटॉपमध्ये काय यावं आणि काय येईल याचे अंदाज वेगळेच निघतात. प्रोसेसरचे कोअर किती, कॅश किती, ते नंतर. पहिला आकडा वॉटचा.

खेड्यात एवढं यंत्र लागतंच कुणाला, असं शहरातले लोक सहज विचारतात. लागतं. तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग आता ४के मध्ये होतं आणि तीन दिवसांच्या लग्नाचं फुटेज पाचशे जीबीच्या वर सहज जातं. वडशाच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला की बॅनर, जाहिरातीचे व्हिडिओ आणि यूट्यूबवर टाकायची अख्खी नाटकं यांची रांग लागते. फ्लेक्सवाल्याची एकेक फाइल फोटोशॉपमध्ये कित्येक जीबीची असते. ड्रोननं शिवाराचे फोटो काढून त्यांचा एकसंध नकाशा जोडायचा तर शेकडो फोटो एकाच वेळी मेमरीत घ्यावे लागतात. तिथं ३२ जीबी रॅम धापा टाकते आणि ६४ जीबी कशीबशी पुरते. ही पोटापाण्याची कामं आहेत. त्यांना यंत्राचा वेग हवाच, पण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते यंत्र जिवंतही राहायला हवं.

उष्णतेचं गणित आधी मांडतो, कारण इथं फसवणूक सगळ्यांत जास्त होते. हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांना, तापमान कळत नाही, फरक कळतो. रायझन ९ ९९५०एक्स या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. खोली २५ अंशांवर असेल तर उष्णता बाहेर ढकलायला ७० अंशांचा फरक हाताशी असतो. खोली ४२ अंशांवर गेली की उरतो ५३ चा. म्हणजे जो हीटसिंक परीक्षणात २०० वॉट पेलत होता, तोच इथं १५० च्या आसपास थकतो. पंखा तोच, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट तीच, किंमतही तीच. प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःच वेग कमी करतो. आणि मालकाला वाटतं, यंत्र जुनं झालं. परीक्षणातले आकडे वाचताना खोलीचं तापमान किती होतं ते आधी शोधावं. नसेल दिलं तर २० ते २५ धरावं आणि आपल्या खोलीचा फरक त्यात मिळवावा: त्यांच्याकडे ७५ दाखवलं असेल तर आपल्याकडे तोच भार ९२ ला जाऊन टेकतो.

कूलर लावला की प्रश्न सुटला असं वाटतं, आणि कोरड्या उन्हाळ्यात तो बराचसा सुटतोही. वाळ्याच्या ताट्या ओल्या असतील आणि समोरची खिडकी उघडी असेल तर खोली दहा-बारा अंशांनी उतरते. पण ती हवा दमट असते. दमट हवेतली धूळ हीटसिंकच्या पात्यांवर भुरभुरीत बसत नाही, तिचा लेप होतो, आणि तो ब्लोअरनं उडत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर उडालेल्या तुषारांतला क्षार बोर्डावर पांढरा उमटतो. म्हणून कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात कधीच ठेवू नये. कूलरच्याच भिंतीला, झोतापासून बाजूला, जमिनीपासून फूटभर उंच ठेवावं. आणि लाइन गेली की कूलर आधी बंद पडतो, संगणक इन्व्हर्टरवर चालूच राहतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यांत वाईट असतात.

पाण्याच्या कूलिंगचं, म्हणजे तयार मिळणाऱ्या एआयओचं, पुढच्या यंत्रांत प्रस्थ आणखी वाढणार यात शंका नाही. पंपाच्या टोपीवर आता पडदाही बसवतात. आपल्याकडे मात्र आतल्या पाण्याची मर्यादा बघावी लागते. बहुतेक कंपन्या ती ६० अंशांच्या आसपास ठेवतात. खोली ४२ ची, त्यावर भाराखाली पाण्याची पंधरा अंशांची चढ, म्हणजे आपण काठावरच. गरम पाणी रबरी नळीतून झिरपून लवकर कमी होतं, मग पंप कुरकुरतो. हवेच्या हीटसिंकमध्ये बिघडण्यासारखी एकच वस्तू, पंखा. तो तालुक्याच्या गावात काही शेकड्यांत मिळतो. माझं मत सरळ आहे: दुहेरी मनोऱ्याचा मोठा हवेचा हीटसिंक. पेस्टऐवजी फेज-चेंज पॅड मिळालं तर उत्तम, कारण गरम-थंड होण्यात पेस्ट कडेला सरकते तशी ते सरकत नाही. एवढंच, की ते पॅड ४५ अंशांच्या सुमारास मऊ होतं. मे महिन्यात कुरिअरच्या पिशवीतून आलेलं पाकीट थेट उघडलं तर पॅड प्लास्टिकला चिकटून फाटतं. आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावं.

आता ग्राफिक्स कार्डाकडे. एनव्हिडियाची सगळ्यांत वरची कार्डं ओळीनं बघा: २०१७ चं १०८० टीआय २५० वॉट, २०२० चं ३०९० ३५० वॉट, २०२२ चं ४०९० ४५० वॉट, जानेवारी २०२५ चं ५०९० ५७५ वॉट. ४०९० आणि ५०९० जवळपास एकाच उत्पादन-प्रक्रियेवर बनतात, त्यामुळे नव्याच्या वाढीव वेगातला मोठा वाटा वाढीव वॉटनीच दिलेला आहे. पुढचं कार्ड ७०० वॉटचं येईल का? मला तसं वाटत नाही, आणि कारण तारेत आहे. कार्डाला वीज देणारा १२ व्ही-२x६ हा जो जोड आहे, त्याची मर्यादाच ६०० वॉट. १२ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी ८.३. पिनची क्षमता ९.५ च्या आसपास. एवढी तुटपुंजी सवलत ठेवली, की एक पिन जरा सैल बसली तरी तिचा वाटा बाकीच्या पाचांवर पडतो आणि ते दहावर जातात. ४०९० च्या काळात वितळलेल्या प्लगांचे फोटो जगभर फिरले ते यामुळेच. नंतरच्या सुधारणेत सूचना देणाऱ्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्ड वीज मागतच नाही. पण प्रत्येक पिनमधून किती प्रवाह जातो ते मोजण्याची सोय मोजक्याच महागड्या कार्डांत आहे. माझा अंदाज, हाय-एंडमध्ये ही पुढची आवश्यक गोष्ट ठरेल. पिननिहाय मोजणी, आणि एक पिन तापली तर कार्डानं स्वतःहून भार उतरवणं. आज हे नसेल तर प्लग बसवताना टकटक आवाज येईपर्यंत दाबावा, तार प्लगपासून किमान साडेतीन सेंटिमीटर सरळ ठेवून मगच वळवावी, आणि सारखी काढघाल करू नये.

खरा उपाय व्होल्टेज वाढवणं हा आहे. ४८ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे केवळ साडेबारा अँपिअर. गावाच्या शिवेपर्यंत वीज ११ हजार व्होल्टनं आणून डीपीवर उतरवतात, त्यामागे हाच नियम आहे. डेटा सेंटरच्या रॅकमध्ये ४८ व्होल्ट केव्हाच रुळले. घरगुती संगणकात ते यायला जुन्या सगळ्या सुट्या भागांशी काडीमोड घ्यावा लागेल, म्हणून कंपन्या टाळतात.

वॉटला दुसरी एक सीमा आहे, आणि ती अमेरिकेच्या भिंतीत आहे. तिकडचा साधा सॉकेट १५ अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट. सतत चालवायचं तर त्याच्या ८० टक्के, १४४०. त्यापुढे यंत्र नेलं तर तिथल्याच गिऱ्हाईकाला वायरमन बोलवावा लागेल. आपल्याकडचा हिशोब असा. कार्ड ५७५, इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के या प्रोसेसरची कमाल २५०, बाकी बोर्ड-डिस्क-पंखे ७५, बेरीज ९००. एसएमपीएसची, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला हवी तशी करून देणाऱ्या डब्याची, कार्यक्षमता ९० टक्के धरली की भिंतीतून हजार वॉट. २३० व्होल्टला ४.३ अँपिअर. पण गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज १७० वर बसलं, की एसएमपीएस तेवढेच वॉट खेचायला प्रवाह वाढवतो, ५.९ अँपिअर. आपला नेहमीचा सॉकेट ६ अँपिअरचा. त्यात मॉनिटर, राउटर, प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. वास येतो तो तिथून. असं यंत्र घ्यायचंच असेल तर मीटरच्या बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी तार आणि १६ अँपिअरचा पॉइंट आधी करून घ्यावा. बिलही बघावं: रोज सहा तास म्हणजे महिन्याला १८० युनिट. घराचा वापर त्यात मिळाला की वरचा स्लॅब लागतो.

लाइनचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण नव्या यंत्रांत एक बदल गाजावाजा न होता शिरला आहे आणि तो आपल्याला थेट नडणारा आहे. वीज गेल्यावर एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर संगणक काही मिलिसेकंद तग धरतो. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० या मानकाच्या नियमात पूर्ण भारावर १७ मिलिसेकंद मागितले होते. २०२३ च्या एटीएक्स ३.१ मध्ये ते १२ वर आणले. १७ फक्त ८० टक्के भारावर. कंपन्यांना छोटा कपॅसिटर पुरतो, कार्यक्षमता किंचित वाढते. जिथं लाइन वर्षातून दोनदा जाते तिथं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. त्यांच्या मागे एक बटण असतं: यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड. यूपीएस मोडमध्ये लाइन गेल्यापासून बॅटरीवर यायला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. दुसऱ्या मोडमध्ये ४० पर्यंत. १२ च्या एसएमपीएसला ४० म्हणजे संगणक बंद. मग सगळे यूपीएस मोडवर का ठेवत नाहीत? कारण त्या मोडमध्ये इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली लाइन स्वीकारतच नाही. ओलिताच्या हंगामात लाइन असूनही घर बॅटरीवर चालतं आणि रात्री आठला बॅटरी संपते. कंटाळून कुणीतरी बटण फिरवतं, पंखे-दिवे सुखानं चालतात, आणि संगणक मात्र दर झटक्याला मरतो. दोष मग विंडोजवर जातो.

यातून बाहेर पडायला तीन गोष्टी लागतात. पहिली, एसएमपीएसवरचं लेबल वाचणं. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी व्होल्टेजला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही; उलट रिलेवाल्या स्टॅबिलायझरची खटखट दर वेळी एक लहानसा खंड पाडते. स्वस्त एसएमपीएसवर २००-२४० असतं. ते इथं घेऊच नये. दुसरी, एसएमपीएस गरजेच्या दुप्पट घेणं, तेही वॉटसाठी नव्हे, मिलिसेकंदांसाठी. पूर्ण भारावर १२ मिलिसेकंद टिकणारा हजार वॉटचा एसएमपीएस पाचशेच्या भारावर ढोबळमानानं चोवीस टिकतो. तिसरी, संगणकापुरता वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस, साइन वेव्हचा. चौकोनी वेव्हवर नवे एसएमपीएस घरघरतात किंवा ट्रिप होतात. अशा बऱ्याच यूपीएसना १४० ते ३०० व्होल्ट चालतात. ६०० व्हीएचा डबा खरं तर ३६० वॉटचाच असतो, म्हणून व्हीए बघून भुलू नये. वॉटचा आकडा मागावा.

आणि लाइन आल्याबरोबर संगणक चालू करू नये. शिवारातल्या मोटारींना ऑटो स्विच लावलेले असतात, ते लावू नका असं महावितरण सांगत आलं आहे, तरी ते असतात. लाइन आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज खाली कोसळतं, डीपीवर ताण येऊन लाइन पुन्हा जाते. पाच-सात मिनिटं थांबलं की ही उठबस संपते. याहून वाईट प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. त्यात एका घराला शंभर-सव्वाशे आणि शेजारच्याला साडेतीनशे व्होल्ट मिळतात. त्यासाठी २७० च्या वर स्वतः तोडणारं ओव्हर-व्होल्टेजचं उपकरण मेन बोर्डात बसवावं; संगणकाच्या मानानं ते फुकट आहे.

एवढं सगळं करायचं, ते हजार वॉटच्या यंत्रासाठी. म्हणून मला पुढच्या हाय-एंडची खरी गंमत दुसऱ्या वाटेवर दिसते. २०२५ मध्ये त्या वाटेची पावलं स्पष्ट उमटली. एएमडीची रायझन एआय मॅक्स+ ३९५: सोळा कोअर, त्याच चिपमध्ये दांडगं ग्राफिक्स, १२८ जीबीपर्यंत सामाईक मेमरी, आणि सगळं मिळून १२० वॉटच्या आसपास. एनव्हिडियाचा डीजीएक्स स्पार्क: तळहातावर मावेल असा डबा, तोही १२८ जीबी, वीजपुरवठा २४० वॉटचा. ॲपलचा मॅक स्टुडिओ, ५१२ जीबी सामाईक मेमरीपर्यंत. प्रोसेसरची मेमरी वेगळी आणि कार्डाची वेगळी, ही भिंतच इथं नाही.

याचा उपयोग कुठं होतो ते भाषेच्या मॉडेलांवरून, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयवरून, कळतं. गावातल्या इंटरनेटच्या भरवशावर क्लाउडची कामं करणं जिकिरीचं, म्हणून मॉडेल घरच्या यंत्रावर चालवावंसं वाटतं. गणित सोपं आहे: एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा एकेक तुकडा, काढायला सबंध मॉडेल मेमरीतून एकदा वाचावं लागतं, म्हणून मेमरीचा वेग भागिले मॉडेलचा आकार म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती टोकन. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटांत दाबलं की ४० जीबीच्या घरात. नेहमीच्या डेस्कटॉपवर डीडीआर५-६००० मेमरीच्या दोन कांड्या सेकंदाला ९६ जीबी देतात, म्हणजे अडीच टोकनही नाहीत. एआय मॅक्सचा वेग २५६, म्हणजे सहा. ५०९० चा १७९२, पण मेमरी ३२ जीबी, तेव्हा ४० जीबीचं मॉडेल तिथं मावतच नाही. मराठीला आणखी एक भुर्दंड पडतो: बऱ्याच मॉडेलांत देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे होतात, म्हणून तोच वेग मराठीत हळू वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या जीपीटी-ओएसएस १२०बी सारख्या मॉडेलांनी मात्र चित्र बदललं. ११७ अब्ज पॅरामीटरपैकी एका वेळी पाच अब्जच्या आसपासच कामाला लागतात. पोट मोठं, घास लहान. अशा मॉडेलांना भरपूर आणि मध्यम वेगाची मेमरी हवी असते, म्हणजे नेमकं या छोट्या डब्यांत असतं तेच.

आणि वीज. १२ व्होल्ट, १५० एएचची घरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले साठ टक्के हातात येतात असं धरलं तर हजारभर. मॉनिटरसकट दोनशे वॉटचा डबा तिच्यावर पाच तास चालतो. हजार वॉटचं यंत्र ९०० व्हीएचा इन्व्हर्टर सुरूच करत नाही, ओव्हरलोडची शिट्टी मारतो. इथून पुढचा अंदाज मी मोकळेपणानं करतो. यूएसबी-सीचा वीजपुरवठा आता ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत गेला आहे. सोलरच्या लिथियम बॅटऱ्याही ४८ व्होल्टच्या वर्गातल्या मिळतात. मध्ये एक चांगला डीसी कन्व्हर्टर घातला, की बॅटरीतून थेट संगणक. इन्व्हर्टर नाही, मिलिसेकंदांची भानगड नाही. असं यंत्र पाच वर्षांत कुणीतरी 'ऑफ-ग्रिड' म्हणून विकेल असं वाटतं. छतावर नुसतं ऑन-ग्रिड सोलर असेल तर त्याच्यावर विसंबू नये. लाइन गेली की नियमानुसार तेही बंद होतं, भर दुपारीसुद्धा.

तरीही या डब्यांची शिफारस करताना माझा हात अडखळतो. त्यांची मेमरी बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. दुरुस्तीसाठी नाव कमावलेल्या फ्रेमवर्क कंपनीलाही आपल्या डेस्कटॉपमध्ये ती तशीच ठेवावी लागली, कारण सुट्या मेमरीवर तो वेग टिकत नव्हता. आता विचार करा. जुन्या धाटणीच्या यंत्रात रॅमची कांडी गेली तर दुसरी लावून काम सुरू. कार्ड गेलं तर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर निदान बिल तरी छापता येतं. डब्यात एक मेमरी चिप गेली की पूर्ण बोर्ड नागपूरला, तिथून पुढे कुठंतरी, आणि लग्नसराईचे तीन आठवडे हातातून गेलेले. दुरुस्त होणारं यंत्र वीज खातं आणि वीज वाचवणारं यंत्र दुरुस्त होत नाही. पुढच्या काही वर्षांत ही कोंडी कोण फोडतं, याची मला कोअरच्या शर्यतीपेक्षा जास्त उत्सुकता आहे. सीएएमएम२ हा मेमरीचा आडवा, स्क्रूनं बसणारा प्रकार मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेईडीईसीनं डिसेंबर २०२३ मध्ये प्रमाणित केला. २०२४ च्या कॉम्प्युटेक्समध्ये एमएसआयनं तो बसवलेला डेस्कटॉप बोर्डही दाखवला. मेमरीची पुढची पिढी, डीडीआर६, येताना तोच प्रकार हाय-एंडमध्ये आला तर वेग आणि बदलता येणं दोन्ही जमेल. तो आला नाही, तर मोठ्या मेमरीचे सगळे संगणक हळूहळू मोबाइलसारखे होतील.

कोअरच्या शर्यतीचंही थोडक्यात. इंटेलनं नोव्हा लेक या पुढच्या प्रोसेसरसाठी २०२६ च्या अखेरीची वेळ सांगितली आणि ५२ कोअरची चर्चा आहे. एएमडीच्या झेन ६ मध्ये एका चिपलेटवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका लहान चिपवर, आठऐवजी बारा कोअर असतील असं बोललं जातं. कोअरचे हे दोन्ही आकडे अफवा म्हणूनच घ्यावेत. इंटेलच्या १८ए प्रक्रियेत वीज ट्रान्झिस्टरच्या मागच्या बाजूनं पुरवतात, त्यानं व्होल्टेजची घसरण कमी होते. पण ट्रान्झिस्टरचा थर दोन्हीकडून झाकला गेल्यामुळे उष्णता बाहेर काढणं अवघड होतं, आणि आपल्या ५३ अंशांच्या फरकात ते कसं निभावतं ते मे महिन्यातच दिसेल. पीसीआयई ६.० च्या डिस्क? पाचच्या डिस्क आज सेकंदाला १४ जीबीपर्यंत वेग देतात आणि मोठ्या हीटसिंकशिवाय तापून मंदावतात. लग्नाचं फुटेज कापणाऱ्याला चारची डिस्क पुरते. त्याच्या कामाची खरी भर वेगळीच होती: एनव्हिडियाच्या ५००० मालिकेच्या कार्डांत ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील ठेवणारा, व्हिडिओ हार्डवेअरमधून उलगडण्याची सोय आली. आताचे मिररलेस कॅमेरे तसंच १० बिटांचं फुटेज देतात आणि आधीच्या मालिकेत ते अडखळायचं. जाहिरातीत हे एका ओळीत उरकलं होतं.

धुळीचं वेगळं सांगायला नको, पण आपली धूळ साधी नाही. सोयाबीनच्या दिवसांत थ्रेशर चालला की कुटाराची बारीक कुसं आठ-आठ दिवस हवेत असतात. जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू पंख्याच्या आसाभोवती गुंडाळले जातात. काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढून जाळीचं कॅबिनेट घ्यावं. आत हवा घेणारे तीन पंखे, बाहेर टाकणारा एक, म्हणजे आतला दाब जास्त राहतो आणि धूळ फटींतून न शिरता गाळणीतूनच येते. गाळणी थ्रेशरच्या काळात आठवड्याला, एरवी महिन्याला धुवावी आणि पूर्ण वाळवून बसवावी. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं. ब्लोअरनं ते गरगर फिरवलं तर बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं तर मुळीच नको, टाकीतलं पाणी आणि तेल बोर्डावर येतं. रिकाम्या कार्डांच्या जागांवर पट्ट्या लावलेल्या असाव्यात. एसएमपीएसची ऊब पालीला फार आवडते, आणि तिथं पाल मेली तर नुकसान दोघांचं होतं. नव्या बोर्डांवर वायर मागून लावण्याची जी टूम निघाली आहे, ती मला यासाठीच आवडते. समोर तारांचं जंजाळ नसलं की साफसफाई अर्ध्या वेळात होते. औद्योगिक बोर्डांवर ओलाव्याविरुद्ध लावतात तो पारदर्शक लेपही हाय-एंडमध्ये यायला हरकत नव्हती. तो येईल असं मात्र वाटत नाही, दिसत नाही ना.

आत्ताच घ्यायचं असेल तर? रॅमची वेळ वाईट आहे. एआय सर्व्हरच्या मागणीनं २०२५ च्या अखेरीला भाव चढले आणि मायक्रॉननं डिसेंबरात क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून ३२ जीबीच्या दोन कांड्या घ्याव्यात, चार लहान नकोत. पुढे वाढवायला जागा राहते आणि वेगही टिकतो. बोर्ड एएम५ चा, म्हणजे एएमडीचे प्रोसेसर बसणाऱ्या सॉकेटचा, कारण हा सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवू असं एएमडीनं सांगितलं आहे. कार्ड १६ जीबीचं, ३०० वॉटच्या आसपासचं, ५०७० टीआयच्या वर्गातलं. मार्च संपला की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वीज कमी करणारा इको मोड १०५ वॉटवर टाकावा. त्यात प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत खेचतो, जो हीटसिंकच्या वरच्या १५० वॉटच्या हिशोबात बसतो. पावसाळा लागला की काढावा.

एवढं करून पैसे उरले तर ते खड्ड्यात घालावेत, अर्थिंगच्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते, म्हणजे कागदावर अर्थिंग असतं आणि जमिनीत नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर चुणचुण लागते ती यामुळे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून निम्मं व्होल्टेज पत्र्यावर येऊन बसतं. अडीच-तीन मीटरची सळई, भोवती बेंटोनाइट, आणि एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला बादलीभर पाणी. मग मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजावं, संगणक आणि कूलर दोन्ही चालू ठेवून. ते दोन व्होल्टच्या आत आलं की मग नव्या यंत्राची पेटी उघडायला हरकत नाही.